मापाचे माप

मापात पाप नसावे, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण जुनी आहे, आणि बहुतेक जुन्या म्हणींप्रमाणे ती दुसऱ्याला उद्देशून वापरण्याचीच आपल्याला सवय आहे. वाण्याने पारड्याखाली मेणाची गोळी चिकटवली, दूधवाल्याने मापाचा तळ आत ठोकून घेतला, कापडवाल्याने कापड ताणून मोजले, की आपण चटकन म्हणतो, ‘मापात पाप!’ लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर वह्यांच्या शेजारी तराजू मांडून त्याला हळदकुंकू वाहतात. त्या पूजेत लक्ष्मीची जितकी प्रार्थना असते, तितकीच, मला वाटते, एक मूक विनवणीही असते: वर्षभर ज्याच्या भरवशावर घेतले-दिले, तो खरा राहो.

पण या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. माप खोटे ठरले म्हणजे कोणीतरी पाप केलेच असले पाहिजे, ही ती गोष्ट. आता, वाचकहो, असे एखादे माप कल्पनेत आणा की, जे कोणी ठोकले नाही, घासले नाही, कुलपात जपून ठेवले, आणि तरीही ते वर्ष-दोन वर्षांत आपोआप खोटे झाले. ते वापरणारा माणूस सज्जन आहे. ते बनवणाराही सज्जन आहे. तरी त्या मापाने निघालेला प्रत्येक आकडा खोटा आहे. मग हे पाप कोणाच्या खाती लिहावयाचे? हा प्रश्न मला कोणत्याही पोथीत भेटला नाही. तो भेटला रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, वायूच्या सिलिंडरवर चिकटवलेल्या एका चिठ्ठीत.

रबाळे म्हणजे ठाण्याहून वाशीकडे निघालेल्या गाडीत ऐरोलीनंतरचे स्टेशन. एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकची डोंगररांग, मधून ठाणे-बेलापूर रस्ता, आणि त्या रस्त्याच्या काठाने १९६० नंतरच्या दशकापासून वसत गेलेले कारखाने. गाडी आली २००४ साली. कारखाने तिच्या आधीचे, आणि आगरी-कोळ्यांचे मूळ गाव कारखान्यांच्याही आधीचे. मी इथे लहान मुलांना शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, म्हणजे आताच्या बोलीत दहावी. तेव्हा शास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा मला हक्क नाही. परंतु शेजार हीही एक शाळाच असते. आमच्या इमारतीत एक तरुण राहतो. त्याचे काम सिलिंडरांत मापाचे वायू भरण्याचे. ‘मापाचे वायू’ हा शब्द ऐकून मी प्रथम हसलो. वायू मोजतात हे समजू शकते, पण वायूने काय मोजतात?

त्याने जे सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगतो. हवेतील वायू मोजणारे यंत्र स्वतः होऊन काही जाणत नाही. आमच्या शेजारी ऐरोलीला आणि महापेला प्रदूषण नियंत्रण मंडळाची हवा मोजणारी केंद्रे आहेत. तसल्या केंद्रांतील यंत्रांत हवा शिरली की आतला प्रकाश किंचित कमी-अधिक होतो, विजेचा प्रवाह किंचित हलतो. पण तेवढ्या हालण्याचा अर्थ किती समजावयाचा, हे यंत्राला शिकवावे लागते. आधी त्याला अगदी स्वच्छ केलेली हवा देतात आणि सांगतात, हे शून्य. मग सिलिंडरातला वायू देतात, ज्यात तो पदार्थ किती आहे हे आधीच ठरवलेले असते, आणि सांगतात, हे इतके. पुढे यंत्र जे काही बोलते ते या दोन धड्यांच्या जोरावर. पोराला आपण एक ते दहा आकडे शिकवतो आणि त्या भांडवलावर ते जन्मभर हिशेब करते, तसेच हे. शिकवणाऱ्यानेच सात चुकीचा शिकवला असेल, तर पोराचा काय दोष?

हे माप किती बारीक असते, याची कल्पना गृहिणींना तांदळावरून चांगली येईल. एका किलोत तांदळाचे सुमारे पन्नास हजार दाणे धरा, म्हणजे वीस किलोंत दहा लाख दाणे झाले. त्या वीस किलोंत एक दाणा काळा, म्हणजे दहा लाखांत एक भाग. आपण श्वासाबरोबर जी हवा घेतो तिच्यात कार्बन डायऑक्साइडचे दहा लाखांत सव्वाचारशेच्या आसपास भाग असतात. वीस किलोंच्या पोत्यात सव्वाचारशे काळे दाणे. हा वायू मोजणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांनी आपसांत असे ठरवले आहे की, उत्तर गोलार्धात एकीचे आणि दुसरीचे मोजमाप दहा लाखांत एक-दशांश भागाहून अधिक वेगळे पडू नये. म्हणजे दोन क्विंटल तांदळात एका दाण्याचा फरक. इतके बारीक माप पायलीने किंवा शेराने होत नाही. ते सिलिंडरात भरून ठेवावे लागते.

भरण्याची रीत सोपी वाटते, पण तशी ती नाही. रिकामे सिलिंडर तोलावयाचे, त्यात थोडा वायू सोडावयाचा, पुन्हा तोलावयाचे, मग शुद्ध हवा किंवा नायट्रोजन भरून पुन्हा तोलावयाचे. सिलिंडर कित्येक किलोंचे आणि आतला मोलाचा वायू काही ग्रॅमचा. म्हणून तशाच दुसऱ्या सिलिंडरशी तुलना करून तोलतात. हवे तितके पातळ मिश्रण एकदम होत नाही. दह्याचे ताक आणि ताकाचे आणखी पातळ ताक करावे, तसे टप्प्याटप्प्याने ते करावे लागते. शेवटी सिलिंडर आडवे करून बराच वेळ लोळवतात, म्हणजे आतले सर्व सारखे मिसळते.

मी त्याला विचारले, “मग पुढे महिनोन्महिने ठेवल्यावर जड वायू खाली बसत असेल, नाही?”

“नाही मास्तर,” तो म्हणाला, “साखर तळाशी बसते तसा वायू बसत नाही. एकदा मिसळला की मिसळला. आमची भीती वेगळी असते. तो भिंतीला चिकटतो.”

भिंत म्हणजे सिलिंडरची आतली बाजू. डोळ्यांना ती आरशासारखी गुळगुळीत दिसली तरी वायूच्या कणाला ती खाचखळग्यांची माळजमीनच असते. तिच्यावर ओलाव्याचा अदृश्य पापुद्रा असला तर विचारूच नका. दगडी कोळसा किंवा तेल जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हे दोघे अशा भिंतीवर जाऊन बसतात आणि चिठ्ठीवर शंभर लिहिलेले असताना आत नव्वदच उरतात. नायट्रिक ऑक्साइडला ऑक्सिजनचा थोडासा शिरकाव झाला की तो आपले रूपच बदलतो. कार्बन मोनॉक्साइडची तऱ्हा उलटी. काही सिलिंडरांत तो वर्षागणिक हळूहळू वाढत जातो. ओझोन तर इतका चंचल की मापाचा ओझोन सिलिंडरात भरून ठेवताच येत नाही. तो जागच्या जागी तयार करून जागच्या जागी वापरावा लागतो. यासाठी लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमची सिलिंडरे घेतात, त्यांची आतली बाजू खास प्रक्रिया करून शांत करतात, हवा कोरडी करून भरतात. इतके करूनही कार्बन डायऑक्साइडसारखा तुलनेने गरीब वायूसुद्धा एक खोड सोडत नाही. सिलिंडर भरलेले असते तेव्हा त्याचे काही कण भिंतीला धरून बसतात, आणि सिलिंडर रिते होत आले, आतला दाब उतरला, की ते सुटून बाहेर येतात. म्हणजे शेवटची हवा पहिल्या हवेपेक्षा किंचित अधिक कार्बन डायऑक्साइडची निघते. म्हणून जाणती माणसे मापाचे सिलिंडर तळापर्यंत वापरीत नाहीत. पुष्कळसा वायू शिल्लक असतानाच ते बाजूला काढतात. काटकसरी माणसाला हा उधळेपणा वाटेल, पण मापाच्या बाबतीत शेवटचा थेंब पिळून काढणे हीच उधळपट्टी.

आता यातली नीतीची गोष्ट पहा. माप दोन दिशांनी खोटे होऊ शकते. चिठ्ठीवर शंभर आणि आत नव्वद, अशा सिलिंडरने यंत्राला शिकवले तर यंत्र नव्वदलाच शंभर म्हणू लागते. बाहेरची हवा आहे त्याहून घाण दिसते. उलट चिठ्ठीवर शंभर आणि आत एकशे दहा असतील तर यंत्र एकशे दहाला शंभर म्हणते. हवा आहे त्याहून चांगली दिसते. पहिल्या प्रकारात आरडाओरड होते. कारखानदार तक्रार करतो, अधिकारी चौकशी करतो, कोणीतरी म्हणतो, “यंत्र तपासा.” आणि यंत्र तपासले जाते. दुसऱ्या प्रकारात काहीच होत नाही. आकडा मनासारखा आला की मापाकडे कोण वळून पाहतो? सर्वजण समाधानाने घरी जातात. म्हणजे दोन्ही चुका सारख्याच निष्पाप असल्या तरी त्यांचे आयुष्य सारखे नसते. अप्रिय चूक लवकर पकडली जाते, प्रिय चूक दीर्घायुषी होते. सिलिंडरला पक्षपात माहीत नसतो. पक्षपात आपण आणतो, आणि तोही खोटे बोलून नव्हे, तर केव्हा तपासावयाचे याची निवड करून.

मला वाटते, माझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे सापडते. माप आपोआप बिघडले, त्यात पाप नाही. पण संशय फक्त नकोशा आकड्यावरच घ्यावयाचा, यात मात्र आहे. म्हणून या धंद्यात शहाण्यांनी एक नियम केला आहे की, तपासणी मनाला वाटेल तेव्हा करावयाची नाही, ठरलेल्या दिवशी करावयाची. आकडा गोड असो की कडू, तारीख आली की माप तपासावयाचे. दुकानदाराची वजने आणि काटे ठरावीक मुदतीने सरकारी शिक्क्यासाठी न्यावे लागतात, त्यातही हेच शहाणपण आहे. शिक्का चोरांसाठीच असतो असे आपण समजतो. वस्तुतः तो सज्जनांसाठीही असतो, कारण सज्जनाचे वजनसुद्धा झिजते.

आमच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हा धडा नाकाने मिळतो. काही रात्री, वारा पडलेला असला की, हवेत एक उग्र वास येतो. गावाहून आलेला पाहुणा दारातच थबकून विचारतो, “कसला वास येतोय हो?” आणि घरातली माणसे एकमेकांकडे पाहून म्हणतात, “वास? आम्हाला नाही येत.” ती खोटे बोलत नसतात. तोच वास सतत घेणारे नाक काही वेळाने त्याची दखल घेणे सोडून देते, हा नाकाचा धर्मच आहे. म्हणजे आपल्या चेहऱ्याच्या मधोमध बसवलेले मापही आपोआप सरकते, आणि सरकले हे त्याला स्वतःला कळत नाही. ते कळते पाहुण्याला. पाहुणा हा आपल्या नाकाच्या मापाचे माप असतो. पण पाहुणा चार दिवस राहिला की त्याचाही उपयोग संपतो!

रबाळ्याच्या वासाची गोष्ट एका वसाहतीपुरती आहे. साऱ्या पृथ्वीच्या हवेचा प्रश्न आला की हीच अडचण फार मोठे रूप घेते. १९५८ साली दोन मापे सुरू झाली. त्या वर्षी ऑक्टोबरात आपल्या देशात शेर-मणांच्या जागी किलोग्रॅम येऊ लागला. गावोगावची पायली निरनिराळ्या आकाराची असे, ती भानगड हळूहळू मिटू लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये हवाई बेटांतील मौना लोआ या डोंगरावर चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाचे कार्बन डायऑक्साइड मोजण्याचे काम सुरू झाले. १९५९ सालची सरासरी दहा लाखांत सुमारे ३१६ भाग होती. २०२४ सालची सुमारे ४२४.६ होती. म्हणजे पासष्ट वर्षांत शंभराहून अधिक भाग. अलीकडे ही वाढ वर्षाला दोन-अडीच भागांची आहे. आता विचार करा, कीलिंगचे सिलिंडरच जर दरवर्षी थोडे थोडे सरकत असते तर? मग ही वाढ हवेतली की सिलिंडरातली, हे कसे ओळखावयाचे? जग बदलले की माप बदलले? आपल्या काळातील एवढा मोठा वाद, शेतकऱ्याच्या पावसापासून कोळ्याच्या समुद्रापर्यंत ज्याचे धागे पोचतात, तो शेवटी या एका साध्या प्रश्नावर येऊन उभा राहतो.

कीलिंगने हे ओळखले होते. त्याने मापाचे सिलिंडर खरे मानून स्वस्थ बसण्याचे नाकारले. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेत त्या सिलिंडरांतला वायू पाऱ्याच्या दाबमापकाने पुन्हापुन्हा मोजला जाई. वायू थिजवून वेगळा काढावयाचा, त्याचे घनफळ, दाब आणि उष्णता मोजावयाची, आणि त्यावरून सिलिंडर अजून खरे आहे की नाही ते ठरवावयाचे. डोंगरावर हवा मोजण्याच्या कामाची कीर्ती झाली. तळघरात माप मोजण्याच्या कामाची तितकी झाली नाही. पण दुसरे नसते तर पहिल्याला काडीची किंमत उरली नसती.

ही कथा आपल्या किनाऱ्यालाही लागते. दक्षिण गोव्यात काबो दे रामाचा जुना किल्ला आहे. तिथल्या भूशिरावर १९९३ सालापासून हवेचे नमुने काचेच्या कुप्यांत भरून ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेत पाठवीत असत. पावसाळ्यात तिथे नैर्ऋत्येकडून समुद्रावरची स्वच्छ हवा येते आणि हिवाळ्यात देशाच्या अंगावरून आलेली हवा येते. त्यामुळे एकाच कड्यावर उभे राहून समुद्राचा आणि भूमीचा असा दोन्ही श्वास तपासता येत असे. २००२ च्या सुमारास ते काम थांबले. पुढे २००९ साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने आपल्या सिंहगडावर नमुने घेण्यास सुरुवात केली. मधे सात वर्षांचे खिंडार. दोन जागा, दोन प्रयोगशाळा, दोन पिढ्यांची माणसे. गोव्याचा १९९५ सालचा आकडा आणि सिंहगडाचा २०१० सालचा आकडा शेजारी ठेवून काही बोलता येते, ते कशाच्या बळावर? दोन्हीकडचे मापाचे वायू एकाच जागतिक मापपट्टीपर्यंत नेऊन भिडवता येतात, म्हणून. तो दुवा तुटला की दोन्हीकडच्या वह्या भरलेल्या राहतील, पण एकीतले चारशे आणि दुसरीतले चारशे एकच आहेत, हे शपथेवर कोणी सांगू शकणार नाही. आजोबांच्या चोपडीत ‘दहा पायल्या भात’ असे लिहिलेले असते, आणि ती पायली कोणत्या गावची हे सांगणारे कोणी उरलेले नसते, तशी गत.

मग ही शिडी वर कुठवर जाते? रोजच्या वापराचे सिलिंडर त्याच्या वरच्या सिलिंडरशी ताडून पाहतात, ते त्याच्या वरच्याशी. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत सर्वांत वरची काही मोजकी सिलिंडरे अमेरिकेत कोलोरॅडोमधील बोल्डर येथे आहेत. जागतिक हवामान संघटनेच्या वतीने ती तिथे सांभाळली जातात. ती क्वचितच उघडतात. जे सर्वांत खरे ते सर्वांत कमी वापरावयाचे, असा तिथला आचार आहे. पण मुलांसारखा प्रश्न विचारायचाच झाला तर त्या सिलिंडरांना कोण मोजतो?

या प्रश्नाची दोन उत्तरे माणसाने देऊन पाहिली आहेत. पहिले उत्तर किलोग्रॅमचे. पॅरिसजवळ सेव्ह्र येथे प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा १८८९ सालापासून तळघरात कुलूपबंद होता, आणि तो ठोकळा म्हणजेच किलोग्रॅम, अशी व्याख्या होती. त्याच्या प्रती देशोदेशी दिल्या होत्या. आपली प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे, तिचा क्रमांक ५७. शंभर वर्षांत मूळ ठोकळा आणि त्याच्या भावंडांत सुमारे पन्नास मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला. प्रती जड झाल्या की मूळ हलके झाले? याचे उत्तर देणेच अशक्य होते, कारण मूळ चुकूच शकत नाही असे आधीच ठरवून टाकले होते. कित्येक घरांत असे एखादे वडीलधारे माणूस असते. त्यांचा शब्द म्हणजेच योग्य. इतर सर्व त्यांच्याशी जुळतात की नाही एवढेच पाहावयाचे. अशा माणसाची अडचण अशी की, ज्याला चुकण्याची मुभा नाही त्याला बरोबर असण्याचे श्रेयही घेता येत नाही. अखेर २० मे २०१९ रोजी त्या ठोकळ्याला निवृत्त करून किलोग्रॅमची व्याख्या निसर्गातल्या एका अचल संख्येवर बसवली गेली.

दुसरे उत्तर बोल्डरचे. तिथल्या लोकांनी आपल्या सर्वोच्च मापालाही चुकण्याची मुभा ठेवली होती. वरची सिलिंडरे ज्या दाबमापकाने तपासली जात, त्याच्या जोडावर एक रबरी कडे होते. मोजणी चालू असताना ते कडे थोडा कार्बन डायऑक्साइड शोषून घेत होते. नुसते कडे! त्याची, आणि हिशेबातल्या आणखी एका लहान दोषाची, दुरुस्ती केल्यावर असे आढळले की, चारशेच्या आसपास जगाची मापपट्टी ०.१८ भागाने कमी दाखवीत होती. साडेतीन क्विंटल तांदळात तीन दाणे. २०२१ साली त्यांनी ही गोष्ट प्रसिद्ध केली आणि जुन्या मोजण्या नव्या पट्टीवर उतरवण्याची सोय करून दिली. हे शक्य झाले ते प्रत्येक सिलिंडरची वही ठेवलेली होती म्हणून. कोणते सिलिंडर केव्हा कोणाशी ताडले, काय निघाले, हे सर्व लिहिलेले होते. माप चुकले, पण वही खरी होती, आणि वही खरी असली की चुकलेल्या मापाने केलेले कामही वाया जात नाही. वहीपूजनाचा याहून चांगला अर्थ मला सांगता येणार नाही.

इथे कोणी विचारील की, प्रत्येक मापाला दुसरे माप लागते आणि दुसऱ्याला तिसरे, तर मग खरे असे काही उरतच नाही, सगळेच सापेक्ष! तरुण मुलांना हा निष्कर्ष फार आवडतो. मला तो घाईचा वाटतो. जगातल्या प्रयोगशाळा एक सिलिंडर एकमेकींकडे फिरवतात. आत किती आहे ते आधी कोणालाच सांगत नाहीत. प्रत्येकीने आपल्या मापाने मोजावयाचे आणि आकडा कळवावयाचा. निरनिराळ्या जागी, निरनिराळ्या यंत्रांनी, एकमेकींना न विचारता काढलेली उत्तरे जुळली, तर ती सर्व मापे एकाच दिशेने एकाच वेळी सरकली असतील, हे मानणे कठीण जाते. यातले ‘न विचारता’ हे महत्त्वाचे. वर्गात शेजारी बसलेल्या दोन मुलांचे उत्तर सारखे आले, तर मास्तर ते दोन पुरावे धरीत नाही. वर्गाच्या दोन टोकांना बसलेल्यांचे सारखे आले तर धरतो. सत्य कोणा एकाच्या तिजोरीत नसते म्हणून ते नसतेच, असे होत नाही. ते परस्परांना तपासू देणाऱ्या माणसांच्या मधे राहते.

आमच्या धंद्यात हे कोणालाही पटेल. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासणाऱ्याला विचारा. पहिल्या पेपराला लावलेली फूटपट्टी चाळिसाव्या पेपरापर्यंत तशीच राहत नाही. दोन वाईट पेपरांनंतर आलेला साधा पेपर हुशार वाटतो, जेवणापूर्वीचे गुण आणि जेवणानंतरचे गुण एकाच हाताचे वाटत नाहीत. यात लाच नाही, वशिला नाही, द्वेष नाही. म्हणूनच जुने शिक्षक सांगत की, गठ्ठा संपला की पहिले पाच पेपर पुन्हा उघडून पहावेत. म्हणूनच शालान्त परीक्षेत परीक्षकाच्या वर नियामक असतो. नियामक नेमणे हा परीक्षकाच्या सचोटीचा अपमान नव्हे. पण आपल्यापैकी पुष्कळांना तो तसा वाटतो, आणि मला वाटते, खरी अडचण इथेच आहे. आपण सचोटीला एकदा मिळवून ठेवण्याची मालमत्ता समजतो. “मी प्रामाणिक आहे,” म्हणजे माझे माप कायमचे खरे आहे, आता कोणी तपासण्याचे कारण नाही! प्रामाणिक माणसाच्या हातून जे अन्याय होतात ते बहुधा याच विश्वासातून होतात. लबाडाला निदान आपले पारडे कुठे झुकवले आहे हे माहीत असते.

आपल्या परंपरेने मनाला साक्षीदार मानले आहे, आणि मी त्याविरुद्ध बोलणार नाही. सर्वांनी मान्य केलेल्या अन्यायाविरुद्ध एकटा माणूस उभा राहतो तो याच साक्षीदाराच्या बळावर. पण साक्षीदारही भिंतीच्या आत राहतो, आणि भिंतीला काय काय चिकटत असते हे आपण पाहिले. ज्या घरात, ज्या जातीत, ज्या धंद्यात आपण वाढलो त्याची हवा मनाच्या आतल्या बाजूला बसलेली असते. मोलकरणीला वेगळा कप देणारी कित्येक घरे सुशील माणसांची होती. त्यांचे मन त्यांना टोचत नव्हते. न टोचणे हा त्या मनाच्या खरेपणाचा पुरावा नव्हता, नाकाला वास येईनासा झाला होता इतकेच. तिथे पाहुण्याची गरज होती, आणि पाहुण्याला “तुला काय कळते?” असे न म्हणण्याची.

शेवटी त्या चिठ्ठीविषयी सांगावयाचे राहिले. शेजाऱ्याने मला ती दाखवली तेव्हा तिच्यावर तीन गोष्टी छापलेल्या होत्या. आत काय आणि किती आहे, ही पहिली. हा आकडा किती इकडे-तिकडे असू शकतो, ही दुसरी. आणि हे म्हणणे कोणत्या तारखेपर्यंत खरे धरावे, ही तिसरी. मी शब्दांवर पोट भरणारा माणूस आहे. तरी इतके नीटनेटके विधान मी क्वचितच वाचले आहे. आपण माणसांविषयी, शेजाऱ्यांविषयी, सुनांविषयी, दुसऱ्या धर्माच्या लोकांविषयी मते बाळगतो, त्यांवर पहिली ओळ ठळक अक्षरांत असते. दुसरी आणि तिसरी ओळ आपण लिहीतच नाही. वीस वर्षांपूर्वी एखाद्या भावाविषयी ठरवलेले मत आपण आजही त्याच सिलिंडरातून सोडीत असतो, आणि ते अगदी तळाला आलेले असते.

दिवाळीत आपण घर झाडतो, भांडी घासतो, तराजू पुसतो. भाऊबीजेला ताटे मांडली जातील, पुष्कळ दिवसांनी सर्वजण एका पंक्तीला बसतील. कोणीतरी धाकटे, कोणीतरी बाहेरून आलेले, सहज बोलून जाईल की, “तुमच्याकडे हे असे का हो करतात?” तेव्हा लगेच उत्तर देण्याची घाई करू नये. तारीख पहावी. बरेच दिवसांत तपासणी झालेली नसेल.